स्कीइंग पहिल्यांदाच शिकायचंय: गुलमर्ग बरं की औली?

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघांनीही आजवर पायात स्की घातलेली नाही, फेब्रुवारीत प्रवास धरून आठ दिवस मिळतायत, आणि नेटवर एक जण काश्मीरमधल्या गुलमर्गच्या अफरवट शिखराचे फोटो टाकतो तर दुसरा उत्तराखंडातल्या औलीतून दिसणाऱ्या नंदादेवीचे, त्यामुळे काही ठरत नाहीये.

आठच दिवस असतील तर गुलमर्ग. पंधरा दिवस काढता आले आणि बर्फ पडल्याची खात्री करून मगच निघता आलं, तर औली. मी स्वतः औलीला शिकलो, गुलमर्गला नंतर दोनदा गेलो. तेव्हा मन औलीकडे झुकतं, हे आधीच कबूल करतो.

फोटो आधी बाजूला ठेवा. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही जेमतेम शंभर-दीडशे मीटरच्या उतारावर काढणार आहात. आडव्या पावलांनी वर चढायचं, दहा सेकंद घसरायचं, पडायचं आणि उठायचं. यातलं उठणं सगळ्यात दमवतं, कारण अडीच हजार मीटरच्या वर दम लवकर लागतो. समोर कुठलं शिखर आहे याच्याशी त्या वेळी काही देणंघेणं नसतं. उतारावर बर्फ हवा, शिकवणारा धीराचा हवा आणि बूट मापाचे हवेत, बस्स.

बर्फाच्या बाबतीत गुलमर्ग सरळ पुढे आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणाली. त्यांच्या वाटेत गुलमर्गची पीर पंजाल रांग आधी येते, औलीचा गढवाल भाग नंतर. शिवाय औली साडेतीन-चार अंश दक्षिणेला. त्यामुळे तिथे पडतो कमी आणि वितळतो लवकर. मी औलीला होतो तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत उताराच्या कडेने पिवळं गवत डोकं वर काढायला लागलं होतं. आमचा इन्स्ट्रक्टर आम्हाला दुपारी बाराच्या आत आवरतं घ्यायला लावायचा, कारण पुढे बर्फाचा चिखल व्हायचा. तिथे कृत्रिम बर्फासाठी एक तळं बांधलंय, पण रात्री पुरेशी थंडी नसेल तर बर्फाची यंत्रंही हात टेकतात.

म्हणून गुलमर्गची हमी आहे असंही समजू नका. जानेवारी 2024 मध्ये तिथे भर चिल्लई कलानमध्ये मैदान उघडं पडलं होतं. चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, ज्यांत पडलेला बर्फ टिकतो. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. तरी दोन्हीकडे फासे टाकायचेच असतील तर मी गुलमर्गवर टाकेन.

आता पोहोचण्याचं. श्रीनगर विमानतळावरून गुलमर्ग साधारण 55 किलोमीटर. तनमर्गला गाडी बदलावी लागते किंवा चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, तरी त्याच दिवशी पोहोचता. औलीसाठी ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा घाट. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम बघत जाताना रस्ता सुंदर वाटतो, पण दिवस पूर्ण जातो आणि दरड कोसळली तर दोन. आठातले जाऊन-येऊन चार दिवस असेच गेले तर शिकणार कधी? त्यातच जोशीमठहून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी 2023 मध्ये, जमीन खचायला लागल्यावर, बंद झाला. वर गाडीनेच जायचं असं धरून चाला.

मग माझं मन औलीत का अडकलंय? उतारामुळे. औलीचा मुख्य उतार साधारण तीन हजार मीटरवरून अडीच हजारांपर्यंत उतरतो, रुंद आहे, आणि ‘बऱ्यापैकी वळता येतं’ या पायरीवरच्या माणसाला अगदी मापाचा आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी नांगर, म्हणजे स्कीची टोकं जुळवून वेग मारायची पद्धत, अंगवळणी पडली की तिथे हळूहळू वर सरकता येतं. गुलमर्गला ही मधली पायरीच तोकडी आहे. खाली गोल्फ मैदानाजवळचे बाळउतार, त्यावर गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्याचा परिसर, आणि त्यावर थेट अफरवट.

अफरवटबद्दल जरा स्पष्ट बोलतो. दुसरा टप्पा तुम्हाला सुमारे 3950 मीटरवर सोडतो. तिथून गुलमर्ग तेराशे मीटर खाली. जगभरातले स्कीअर येतात ते याच भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी. पण हा डोंगर खुला आहे, बहुतांश ठिकाणी आखलेली वाट नाही, आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये दोन पोलिश स्कीअर तिथे हिमस्खलनात दगावले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. ही माणसं नवखी नव्हती. तुम्ही वर जा, दृश्य बघा, गोंडोलानेच खाली या. ‘तीन दिवसांत अफरवटवरून उतरवतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करा. मला भेटला होता.

रीतसर कोर्स करायचा असेल तर गुलमर्गला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं. तुमच्या तारखांत हे बसेलच असं नाही. खासगी इन्स्ट्रक्टर घेणार असाल तर दोघांना मिळून एकच घ्या आणि पाचही दिवस तोच ठेवा. रोज नवा माणूस आला की रोज पहिला धडा.

बुटांवर कंजुषी करू नका. भाड्याच्या दुकानात घाईने बूट चढवून निघालात तर संध्याकाळी नडग्या ठणकतात. अर्धा तास घालवा, एकच जाड मोजा घाला (दोन नकोत), पुढे वाकल्यावर टाच उचलली जात असेल तर माप बदला. गॉगलशिवाय बर्फात उभंही राहू नका.

काश्मीरला निघण्याआधी दोघांपैकी एकाचं तरी सिम पोस्टपेड करून घ्या, बाहेरची प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट पहिल्याच दिवसाचं काढू नका. वारा सुटला की तो टप्पा बंद ठेवतात, हाताशी एक-दोन दिवस असलेले बरे.