वाचकांचे प्रश्न : चाचणी झाली, पुढे काय?

प्रश्न : मी इंदूरच्या एका शाळेत नववीला गणित शिकवते. त्रैमासिक परीक्षेची वाट न पाहता दर शनिवारी २० गुणांची चाचणी घेते आणि रविवारी घरी ४५ कॉप्या तपासते. मुलांनी आपल्या चुका ओळखून स्वतः अभ्यास करावा, हा त्यामागचा हेतू. मुले मात्र गुण पाहतात, शेजाऱ्याला किती पडले ते विचारतात आणि कॉपी दप्तरात टाकतात. माझे काय चुकते?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : आपला नियमितपणा कौतुकास्पद आहे, अडचण गुणांपाशी आहे. मूल्यमापनाचे आकारिक (शिकत असताना सुधारणेसाठी) आणि संकलित (शेवटी किती आले ते मोजण्यासाठी) असे दोन प्रकार मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडले. चाचणी छोटी आहे की वारंवार होते, यावरून ती आकारिक ठरत नाही. तिच्यातून कळलेल्या गोष्टीने पुढचा अभ्यास बदलला, तरच ती आकारिक म्हणावी. तसे पाहिले तर आपल्या वर्गात दर शनिवारी एक छोटी वार्षिक परीक्षाच होते आहे.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. काहींना केवळ गुण, काहींना केवळ शेरा आणि काहींना दोन्ही देण्यात आले. पुढच्या कामात प्रगती दिसली ती केवळ शेरा मिळालेल्यांची. शेऱ्याशेजारी गुण आले, की शेऱ्याचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून गुण आपल्या नोंदवहीत खुशाल ठेवा, पण कॉपीवर लिहू नका. पालक विचारणारच (आपल्याकडे तर जिना चढताना शेजारीही विचारतात), त्यांना महिन्याच्या शेवटी सांगता येतील.

शेरा कसा असावा, हे महत्त्वाचे. समजा, मुलाने (२क्ष − ३)² चा विस्तार ४क्ष² − ९ असा केला. ‘चूक’ किंवा ‘लक्ष दे’ असे लिहिल्याने त्याला काहीच करता येत नाही, आणि आपण बरोबर उत्तर लिहून दिले, तर करण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी ‘क्षच्या जागी १ ठेवून दोन्ही बाजू पडताळून पाहा’ एवढेच लिहा. एकीकडे १ येईल आणि दुसरीकडे −५. मग गाळलेले मधले पद, −१२क्ष, आणि ९ चे चुकलेले चिन्ह शोधणे त्याला भागच पडेल. शिवाय ही पडताळणी त्याला पुढे आपल्या गैरहजेरीतही वापरता येईल, आणि स्वयंअध्ययनाची सुरुवात मला येथेच दिसते. मात्र हे काम घरी करायला सांगू नका; सोमवारच्या तासातली पहिली १५ मिनिटे त्यासाठी राखून ठेवा आणि आठवड्याने त्याच जातीचे दुसरे उदाहरण द्या.

चाचणी हातावेगळी करण्यापूर्वी प्रत्येक उदाहरणापुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘शंका आहे’ असे मुलांकडून लिहून घ्या. खात्रीने लिहिलेले चुकले, तर अभ्यास कोठे करायचा, हे मुलालाच दिसते.

राहिला ४५ कॉप्यांचा प्रश्न. सीबीएसईने २००९ मध्ये नववी-दहावीला लागू केलेले आणि २०१७ मध्ये मागे घेतलेले सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याला आठवत असेल. नोंदी भरण्यातच वेळ जातो, अशी शिक्षकांची तेव्हा मोठी तक्रार होती. आपण तो मार्ग धरू नये. २० गुणांची चाचणी महिन्यातून एकदा पुरे. एरवी तास संपताना चिठ्ठीवर एकच उदाहरण सोडवून घ्यावे आणि चिठ्ठ्यांचे जमले, अडखळले, समजलेच नाही असे तीन गठ्ठे करावेत. तिसरा गठ्ठा जाड असेल, तर चूक बहुधा आपल्या शिकवण्यातली असते.

प्रश्न : माझी नात धडा चार-चारदा वाचते, तरी परीक्षेत आठवत नाही. घरी चाचण्या घ्याव्यात काय?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : अवश्य, पण त्या तिने स्वतःच घ्याव्यात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणारे पुढे गेले. एकदा वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे आणि सुटलेले मुद्दे तिनेच वेगळ्या शाईने भरावेत. लाल शाई आपण हाती घेऊ नये.