धक्क्यावर अडलेली मदत

या वेळचे प्रश्न आपत्तीतल्या मदतीच्या वाहतुकीबद्दलचे आहेत. उत्तरं देणाऱ्या लेखिकेने ९ वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून काम केलं. आता त्या मदतीच्या पुरवठा साखळ्यांवर संशोधन करतात.

प्रश्न : माणसं उपाशी असताना धान्य जहाजाने पाठवण्यात इतके दिवस का घालवायचे? विमानं आहेत ना? – एक निवृत्त शिक्षक

सर, तुमची तळमळ कळते. पण जरा हिशेब मांडून पाहू. १६ ऑगस्ट २०२२ रोजी 'ब्रेव्ह कमांडर' हे जहाज युक्रेनच्या पिव्देन्नी बंदरातून संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा २३,००० टन गहू घेऊन निघालं. गहू इथिओपियासाठी होता. मोठं मालवाहू विमान एका खेपेला साधारण १०० टन उचलतं. म्हणजे २३० खेपा झाल्या, आणि एवढी विमानं उतरवून घेणारा विमानतळ, इंधन, माल उतरवणारी माणसं हे सगळं वेगळंच. जहाज दोन आठवड्यांत जिबूतीला लागलं.

जिबूतीला, कारण इथिओपियाला समुद्रकिनाराच नाही. पुढे ४० टनी ट्रक धरला तरी पावणेसहाशे ट्रक लागतात. आणि निघण्याआधीचा काळ? युद्धामुळे काळ्या समुद्रातली बंदरं फेब्रुवारीपासून बंद होती. २२ जुलैला इस्तंबूलमध्ये धान्याची जहाजं सुरक्षित जाऊ देण्याचा करार झाला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. समुद्रावरचे दिवस आधी मोजून सांगता येतात. वेळ खरा खातात ती दोन्ही टोकं. लस, शस्त्रक्रियेचं सामान, शोधपथकं यांच्यासाठी विमानच हवं, त्याबद्दल वाद नाही.

प्रश्न : भूकंपानंतर आमच्या मंडळाने ४० खोकी कपडे आणि औषधं गोळा केली. संस्थेने सांगितलं, 'वस्तू नकोत, पैसे द्या.' आम्हाला फार लागलं ते. लोकांच्या मायेला काही किंमत नाही का? – मंडळाची कार्यकर्ती

तुम्हाला लागलं हे साहजिक आहे. घराघरांत जाऊन कपडे मागून आणायचे, घड्या घालायच्या, खोकी बांधायची, यात किती संध्याकाळी जातात ते मी पाहिलं आहे. म्हणून मी पाहिलेली एक गोष्ट सांगते.

एका भूकंपानंतर मी बंदरातल्या एका शेडमध्ये माल वेगळा करायला उभी होते. खोकी छताला टेकली होती आणि बहुतेकांवर एकच शब्द लिहिला होता : मदत. आत काय, किती, कोणासाठी, काही नाही. एक खोकं उघडायचं, सगळं बाहेर काढायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, परत भरायचं, यात आमची सहज दहा-बारा मिनिटं जात. लोकरीचे कोट निघाले, तेही कडक उन्हाळ्यात. निम्मी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली. एका खोक्यात लहान मुलाने काढलेलं चित्र होतं, ते आम्ही भिंतीला लावलं. चौथ्या दिवशी दुपारी, भिंतीलगतच्या रांगेत, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्यांची खोकी सापडली. त्यांच्यावरही 'मदत' एवढंच लिहिलेलं होतं. तोवर छावणीत जुलाबाची लागण सुरू झाली होती.

गोळ्या आमच्यापासून वीस पावलांवर होत्या. ते मला आजही विसरता येत नाही.

चार्ल्स फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या अभ्यासकांनी १९५७ सालीच लिहून ठेवलं होतं की आपत्तीच्या जागी माणसं, निरोप आणि वस्तू यांची आपोआप गर्दी लोटते आणि ती गर्दीच कामाच्या आड येते. औषधांचं तर आणखी अवघड. युद्धाने होरपळलेल्या बोस्नियात १९९६च्या मध्यापर्यंत सुमारे १७,००० टन निरुपयोगी औषधं साठली होती. ती ठेवायला गोदाम लागतं, आणि नष्ट करायला पुन्हा पैसा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या देणग्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, आणि वेष्टनावरचा मजकूर तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना वाचता यायला हवा.

पैसे आपत्तीच्या जवळच्या बाजारात खर्च होतात, तिथला दुकानदारही त्यामुळे उभा राहतो. तरी वस्तूच द्यायच्या असतील तर आधी यादी मागा. एका खोक्यात एकच जिन्नस भरा. चारही बाजूंना नाव, नग, वजन आणि मुदत ठळक लिहा. तुमच्या मंडळाकडे माणसं आहेत, हे मोठं बळ आहे. संस्थेला विचारा, माल लावायला आणि याद्या करायला हात हवेत का. बहुतेक वेळा हवे असतात.

प्रश्न : 'मदतकार्य म्हणजे ८० टक्के लॉजिस्टिक्स' असं सगळीकडे वाचते. हे कुठून आलं? – एक पत्रकार

लॉजिस्टिक्स म्हणजे माल मिळवणं, साठवणं आणि पोचवणं. पुरवठा साखळ्यांचे अभ्यासक ल्यूक व्हॅन वासेनहोव्ह यांच्या २००६च्या शोधनिबंधामुळे हे वाक्य खूप पसरलं. त्यांना जे सांगायचं होतं ते मला पटतं : पुरवठा हा मदतकार्याचा कणा आहे, मागच्या खोलीत बसवलेला कारकून नव्हे. पण आकडा छापताना एक गोष्ट स्पष्ट करा, खर्चाच्या या ८० टक्क्यांत गव्हाची किंमतही धरली की फक्त गहू नेण्याचा खर्च? दोन्ही उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

प्रश्न : ताई, मला पीएच.डी. याच विषयात करायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, ट्रकचे मार्ग ठरवणारं गणिती मॉडेल कर, सॉफ्टवेअर तयार आहे. मला मात्र काहीतरी राहून जातंय असं वाटतं. – संशोधक विद्यार्थिनी

बरोबर वाटतंय तुला. मॉडेल कर, गणिताशिवाय हा विषय पुढे जात नाही. पण मॉडेलने नेमकं काय कमी करायचं, हे आधी ठरव. व्यापारी वाहतुकीत खर्च कमी करायचा असतो. तेच सूत्र उचलून मदतीला लावलं की ट्रक जवळच्या गावाला दोनदा जातो आणि लांबचं गाव पाचव्या दिवशीही कोरडं राहतं. कागदावर इंधन वाचलेलं दिसतं. वाहतुकीचे संशोधक होसे ओल्गिन-व्हेरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास मांडलेली कल्पना वाच : वस्तू न मिळाल्याने माणसाला जे सोसावं लागतं, तेही खर्च म्हणून धरायचं. तो खर्च सरळ रेषेत वाढत नाही. पाण्यावाचून गेलेला दुसरा दिवस पहिल्याच्या दुप्पट नसतो, त्याहून कितीतरी जड असतो. माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात माणुसकीची आणि तितकीच काटेकोर कल्पना आहे, आणि तिच्यावर अजून भरपूर काम व्हायला हवं.

दुसरं म्हणजे बंदर. मॉडेलमध्ये बंदर हा एक ठिपका असतो. येमेनमधल्या होदेदा बंदराच्या मोठ्या क्रेन ऑगस्ट २०१५च्या हवाई हल्ल्यात निकामी झाल्या. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या चार फिरत्या क्रेन तिथे पोचायला जानेवारी २०१८ उजाडलं. वर्षभर आधी त्या तिथवर जाऊन परत पाठवल्या गेल्या होत्या. मधल्या काळात माल उतरवायचा तर जहाजाच्या स्वतःच्या क्रेनवर. हैतीत जानेवारी २०१०च्या भूकंपात राजधानीच्या बंदराचा धक्काच ढासळला. ठिपका तिथेच, पण त्याची क्षमता शून्यावर.

आणि थांबलेल्या जहाजात काय होतं तेही बघ. आम्ही एकदा डाळीची पोती घेऊन बंदराबाहेर अकरा दिवस नांगर टाकून होतो. धक्का एकच, रांग मोठी. दिवसा माल तापायचा, रात्री डेक गार व्हायचं आणि हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठारावरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला पाणी धरायचं. आम्ही त्याला जहाजाचा घाम म्हणतो. मी रोज पहाटे खाली उतरून वरच्या थरातल्या पोत्यांमध्ये हात खुपसायची. सातव्या दिवशी हात ओलसर आणि कोमट निघाला, नवव्या दिवशी कुबट वास आला. वरचे दोन थर फेकावे लागले. कागदावर तो माल 'पोचला' असाच नोंदला गेला, वजनातली तूट तेवढी खाली बारीक अक्षरात.

म्हणून पहिला महिना सॉफ्टवेअरला हात लावू नकोस. परवानगी काढ आणि बंदराच्या गेटवर वही घेऊन बस. प्रत्येक ट्रकच्या तीन वेळा टिपून ठेव : रांगेत लागला कधी, कागदावर शिक्का पडला कधी, बाहेर पडला कधी. ड्रायव्हरांशी बोल, कुठला कागद नेहमी अडतो ते त्यांना तोंडपाठ असतं. वही भरली की मला पाठव, आकडे आपण दोघी मिळून लावू.