ब्रेकअपनंतर एक्सची आठवण येते तेव्हा ऐकावीत अशी मराठी गाणी कोणती?

हिंदी नको, मराठीच गाणी हवी असतील, तर आधी एवढं ठरवा की नातं सुटलं कसं. घरच्यांमुळे, भांडून, की शेजारी बसलेलं असतानाच मन उडालं? भावगीतांत या प्रत्येकाचं गाणं वेगळं आहे. बहुतेकांची चूक अशी होते की मुखडा ऐकून गाणं यादीत टाकतात आणि अंतरे ऐकतच नाहीत.

सगळ्यात ढळढळीत उदाहरण 'ती गेली तेव्हा रिमझिम'. ब्रेकअपच्या मराठी प्लेलिस्टमध्ये हे हमखास असतं. ग्रेस यांची कविता, चाल आणि आवाज हृदयनाथ मंगेशकरांचा. पण पुढच्याच कडव्यात 'ती आई होती म्हणुनी' असं स्पष्ट आहे! गाणं थोर आहे, ऐका जरूर, फक्त एक्सला पाठवू नका. तसंच 'नसतेस घरी तू जेव्हा' (संदीप खरे, सलील कुलकर्णी). 'घरी नसणं' म्हणजे माणूस परत येणार आहे. कायमचं तुटलेल्याला ते गाणं जास्त टोचतं, कारण त्यातलं घर अजून शाबूत आहे.

घरच्यांमुळे किंवा परिस्थितीमुळे तुटलं असेल तर 'भातुकलीच्या खेळामधली'. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, अरुण दाते. यात खलनायक नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. राणीला दुसऱ्या गावी जायचंय हे तिला ठाऊक आहे, राजाला मात्र ते उशिरा कळतं. तो 'उशिरा' शब्द नीट ऐका, सगळं दुखणं तिथे आहे.

समोरच्यानं शपथा घेतल्या आणि त्या टिकणार नाहीत हे तुम्हाला आधीच दिसत होतं? मग 'विसरशील खास मला'. ज. के. उपाध्ये यांचे शब्द, चाल यशवंत देवांची, गायल्या आहेत आशाबाई. हे निरोपाच्या आधीचं गाणं आहे, त्यामुळे तक्रार आहे पण रडगाणं नाही. राग आलेला असताना हेच चालतं.

आता 'तोच चंद्रमा नभात'. शांता शेळके यांनी संस्कृतातल्या 'यः कौमारहरः' या श्लोकावरून हे लिहिलं, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. लोक हे विरहाचं समजतात. नीट बघा: चंद्र तोच, चैत्रातली रात्र तीच, आणि 'तीच तूही' जवळच आहे. हरवली आहे ती फक्त प्रीती. मूळ श्लोकात बोलणारी बाई आहे आणि तिचं मन अजून रेवा (नर्मदा) नदीकाठच्या जुन्या भेटींसाठी झुरतंय. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला आणि ती ओढच विझवून टाकली. म्हणून ज्यांचं नातं भांडणाशिवाय हळूहळू संपलं, त्यांच्यासाठी याच्या तोडीचं दुसरं गाणं मला तरी माहीत नाही. ज्यांना अजून ओढ आहे त्यांना ते थंड वाटेल.

ओढ असेल तर 'केव्हातरी पहाटे'. सुरेश भटांची गझल, हृदयनाथांची चाल, आशाबाईंचा आवाज. गझल असल्यामुळे प्रत्येक शेर (दोन ओळींचं कडवं) स्वतंत्र, सलग गोष्ट शोधायला जाऊ नका. 'रात गेली' हा रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द, दर वेळी तोच, त्याच्या आधीचं क्रियापद मात्र बदलतं: उलटून, हरवून, फसवून, उचलून वगैरे. एकच रात्र दर वेळी वेगळ्या तऱ्हेने हातातून जाते. कव्हर किंवा रिमिक्समध्ये मागे सतत ठेका ठेवला की या शब्दांना थांबायला जागाच उरत नाही, म्हणून मूळ ध्वनिमुद्रणच लावा. शोधताना गाण्याच्या ओळीसोबत संगीतकाराचंही नाव टाका, ते लवकर सापडतं.

संध्याकाळसाठी 'भय इथले संपत नाही' (ग्रेस, हृदयनाथ, लताबाई). सीतेच्या वनवासात अंगावर राघवाचा शेला, ही त्यातली उपमा. माणूस गेलं तरी त्याचं काहीतरी अंगाला लपेटलेलं राहतं, ते याहून कमी शब्दांत कसं सांगणार?

आणि बरीच वर्षं उलटली असतील तर 'स्वर आले दुरुनी'. शब्द यशवंत देवांचे, चाल प्रभाकर जोगांची, आवाज बाबूजींचा (सुधीर फडके), तिघेही संगीतकार. ताज्या जखमेवर हे लावून उपयोग नाही, आठवणी गोड व्हायला वेळ जावा लागतो.

ऐकताना दोन पथ्यं. ग्रेस यांची दोन गाणी पाठोपाठ लावू नका, दुसऱ्याचे शब्द डोक्यात शिरत नाहीत. आणि एकच गाणं रिपीटवर ठेवू नका: ते त्या माणसाला कायमचं चिकटतं, मग पुढे चांगल्या दिवसांतही ऐकवत नाही. अॅपमधला ऑटोप्ले बंद करा, नाहीतर तिसऱ्या गाण्यानंतर ते स्वतःच्या मनाने लग्नाची गाणी लावायला लागतं.