वीज कंपनी चुकली, पण दाद कुठे मागायची?

बहुतेक पत्रांत एकच वाक्य असतं: ‘कंपनीला कोर्टात खेचायचंय.’ त्याआधी पुढची उत्तरं वाचा.

वीज दोन दिवस नव्हती, फ्रीझरमधला माल वाया गेला. वीज कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच नुकसानभरपाई देईल का?

मंच कृतीच्या मानकांनुसार, म्हणजे कंपनीने सेवा कशी आणि किती वेळात द्यायची या नियमांनुसार, ठरलेली भरपाई देऊ शकतो. बुडालेला नफा आणि अप्रत्यक्ष नुकसान नाही. राज्याच्या विनियमांनीच मंचाचे हात तिथे बांधले आहेत. रक्कम मोठी असेल तर दुसरा मार्ग वकिलाला विचारा. मंचाकडे जायचं तर कारण घडल्यापासून २ वर्षांत.

वीज कायदा, २००३ च्या कलम १४२ नुसार नियम मोडल्याबद्दल कंपनीला होणारा १ लाखापर्यंतचा दंड मला मिळेल ना?

नाही.

बिलाची तक्रार थेट राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे केली तर?

परत पाठवतील. एकेका ग्राहकाचं गाऱ्हाणं मंचापुढेच जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केलंय.

२ वर्षांपूर्वीची थकबाकी बुडते, असा मेसेज आलाय. भरू नको ना?

ते मेसेज पुढे पाठवणं आधी थांबवा. कलम ५६(२) मधली २ वर्षं रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून मोजतात, आणि बिलात ती सलग थकबाकी म्हणून दाखवत आणली असेल तर वसुली चालू राहते. चुकीने राहून गेलेली आकारणी कंपनीने उशिरा मागितली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार २ वर्षांनंतर त्यासाठी वीज तोडता येत नाही. पैसे मात्र माफ होत नाहीत. त्याच न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने तर ग्राहकाची बाजू आणखी आखडली. तोडण्याची नोटीस आलीच, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरा. मग वीज तोडता येत नाही. बिलं घेऊन जाणकाराला भेटा.

घरच्या जोडणीवर पार्लर चालवते. भरारी पथकाने लाखभराची आकारणी काढली. एक ‘सल्लागार’ म्हणतो, सही करा, निम्म्यात मिटवतो.

ताई, सही करू नका. ही कलम १२६ ची, म्हणजे विजेच्या अनधिकृत वापराची आकारणी आहे. दर दुप्पट, आणि गैरवापर कधीपासून होता हे ठरवता आलं नाही तर फार तर मागच्या १२ महिन्यांची. आधी येतो तो तात्पुरता आदेश. त्यावर लेखी हरकत घ्या, सुनावणी मागा, पथकाच्या पंचनाम्याची प्रत घ्या. अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत अपील, तेही निम्मी रक्कम भरून. महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकांकडे करायचं असतं. सल्लागार एक गोष्ट सांगत नाही: संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपीलच नाही, कलम १२७(५) वाचा. त्याची फी वसूल होते आणि तुमचा दरवाजा बंद. दिवाणी कोर्टाला कलम १४५ चा अडसर. ग्राहक न्यायालयाला या आकारणीत हात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये ठरलं. मंचाच्या कक्षेतही ती येत नाही. तरी लोक आधी तिन्हीकडे चपला झिजवतात आणि ३० दिवस उलटल्यावर मला लिहितात. याच आठवड्यात वीज कायद्याची कामं करणारा वकील गाठा.

मंचात हरलो. वकील म्हणतात, दिवाळीनंतर बघू.

आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जायचं असतं. दिवाळी त्यात बसते का, ते आजच मोजा. बसत नसेल तर वकील बदला.