चीनमध्ये नर्सेस कॅन्सरच्या पेशंटच्या कानाला बिया चिकटवतात. त्याने दुखणं खरंच कमी होतं का?

थोडंफार होतं, पण गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांऐवजी नाही.

या बिया वॅकेरिया नावाच्या रोपाच्या, मोहरीपेक्षा किंचित मोठ्या. चिकटपट्टीच्या चौकोनी तुकड्यावर एक बी ठेवून नर्स ती ठरावीक बिंदूवर लावते. 'शेनमेन' हा त्यातला नेहमीचा, कानाच्या वरच्या भागातल्या तिकोनी खळग्यात. मग दिवसातून तीन-चार वेळा पेशंटनेच चिमटीत धरून दाबायचं, कान जरा गरम होईपर्यंत. सुई टोचायची नाही, त्यामुळे वॉर्डात नर्सना हे सहज जमतं. गंमत म्हणजे कानाच्या बिंदूंचा आधुनिक नकाशा १९५०च्या दशकात पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरने मांडला, चीनने तो नंतर उचलला!

नुसत्या दाबावरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत. त्यामानाने भक्कम चाचणी कानातल्या बारीक सुयांची. ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. कॅन्सरनंतर जुनाट दुखणं मागे लागलेले ३६० जण त्यात होते. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुयांनी वेदना जास्त उतरल्या, पण कानात सुया लावलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाने कानच दुखतो म्हणून मधेच सोडून दिलं. बियांत तो त्रास कमी असावा असं मला वाटतं.

कानावर जखम, पुरळ असेल किंवा केमोमुळे पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स उतरल्या असतील, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना (ऑन्कॉलॉजिस्टना) विचारा. आणि मॉर्फिनचा डोस मनाने कमी करू नका.