आठ कोअरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ मध्येच का अडकतो?

तुम्ही लक्षणं नेमकी लिहिली आहेत: आठ कोअरचा प्रोसेसर, 16 जीबी रॅम, व्हिडिओ थोड्या थोड्या वेळाने क्षणभर थिजतो, त्याच वेळी आवाज 'टर्रर्र' करतो, आणि टास्क मॅनेजर मात्र सीपीयू बारा-तेरा टक्केच वापरात असल्याचं सांगतो. दुकानदाराने नवीन ग्राफिक्स कार्ड सुचवलंय. कृपया इतक्यात घेऊ नका. तुमचं मशीन कमी पडतंय असं मला या वर्णनावरून वाटत नाही. कुठला तरी ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, एका कोअरला अडवून धरतोय, असं वाटतं.

आधी त्या आकड्याबद्दल. तो सगळ्या प्रोसेसरांची सरासरी आहे. आठपैकी एक पूर्ण भरलेला आणि सात रिकामे असले तरी सरासरी येते 12.5 टक्के. शिवाय आलेख साधारण सेकंदाला एकदाच ताजा होतो, त्यामुळे पाव सेकंदाचा अडथळा त्यात विरघळून जातो. परफॉर्मन्सच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा आणि 'शो कर्नल टाइम्स' चालू करा, म्हणजे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांनी घेतलेला वेळ गडद रंगात दिसेल. व्हिडिओ अडकतो त्या क्षणी एकाच चौकोनात गडद रंग वर चढत असेल, तर आपण योग्य वाटेवर आहोत.

आत काय घडतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण त्याशिवाय उपाय म्हणजे अंधारात तीर. वाय-फाय कार्ड, डिस्क, साउंड यांपैकी कुणालाही प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं काम थांबव' असा इशारा, पाठवतात. ड्रायव्हर तिथे अगदी थोडं काम करतो आणि उरलेलं 'डीपीसी' (डिफर्ड प्रोसीजर कॉल, म्हणजे थोडं पुढे ढकललेलं काम) म्हणून रांगेत टाकतो. हा डीपीसी सहसा इंटरप्ट ज्या प्रोसेसरवर आला त्याच प्रोसेसरवर चालतो, आणि तो चालू असताना त्या प्रोसेसरवर कुठल्याही प्रोग्रॅमचा धागा (थ्रेड, म्हणजे त्याच्या कामाचा एक प्रवाह) चालू शकत नाही, त्याची प्रायॉरिटी कितीही वरची असो. म्हणून डीपीसी 100 मायक्रोसेकंदांत आटपावा, असं मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगते. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला 40 मिलिसेकंद मिळतात, म्हणजे या मर्यादेच्या 400 पट. शहाण्या ड्रायव्हरचा त्रास जाणवतच नाही. बिघडलेला ड्रायव्हर मात्र एका दमात कित्येक मिलिसेकंद खातो, आणि असे झटके लागोपाठ आले की फ्रेम हुकतात.

'बाकीचे सात कोअर मोकळे आहेत ना, मग काम तिकडे का जात नाही?' हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पहिलं कारण असं की डीपीसी आला तेव्हा त्या कोअरवर जो धागा चालू होता, तो विंडोजच्या हिशेबात अजून 'चालू'च असतो. त्यामुळे त्याला उचलून दुसऱ्या कोअरवर नेता येत नाही. तो धागा व्हिडिओ प्लेअरचा असला की संपलं. दुसरं, साउंड किंवा ग्राफिक्सचा इंटरप्ट त्याच कोअरवर येत असेल, तर त्यांचे डीपीसीही रांगेत मागे अडकतात. साउंडकार्ड आपल्या गोलाकार बफरमधून, म्हणजे आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यातून, वाचतच राहतं आणि नवीन डेटा न आल्याने जुनाच तुकडा पुन्हा वाजवतं. तुमची 'टर्रर्र' बहुतेक तीच. तिसरं कारण म्हणजे स्पिनलॉक. ड्रायव्हरने एका कोअरवर कुलूप धरून ठेवलं आणि दुसऱ्या कोअरवरच्या कोडला तेच हवं असलं, तर तो दुसरा कोअरही काहीही न करता गोल गोल फिरत राहतो. कोअर वाढवून यातलं काहीच सुटत नाही.

एक सावधगिरी. शोधलंत तर 'प्लेअरला एकाच कोअरवर बांधा' असे जुने सल्ले सापडतील. त्यांचा काळ वेगळा होता. 2002 मध्ये पेंटियम 4 वर हायपरथ्रेडिंग (एक कोअर विंडोजला दोन प्रोसेसर म्हणून दाखवण्याची सोय) आलं, 2005 मध्ये घरगुती ड्युअल-कोअर आले, आणि एकाच प्रोसेसरच्या भरवशावर लिहिलेले ड्रायव्हर उघडे पडले. एकच प्रोसेसर असला की इंटरप्टची पातळी वर नेऊन, म्हणजे इतर इंटरप्ट थोडा वेळ रोखून, डेटा सुरक्षित राहतो. दोन असले की दुसरा प्रोसेसर त्याच डेटात हात घालू शकतो. सुरुवातीच्या अ‍ॅथलॉन 64 एक्स2 वर तर दोन कोअरचे घड्याळ-मोजणीचे आकडेच एकमेकांपासून सरकायचे आणि व्हिडिओ, गेम झटके द्यायचे. त्यासाठी एएमडीने ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर काढला होता. आजच्या मशीनवर त्या उपायांची गरज नाही. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-प्रोग्रॅममधला 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'चा चौकोनही रिकामाच ठेवा. त्याने वेग वाढत नाही, तो फक्त वरची मर्यादा घालतो.

आता शोध. सेटिंगला हात लावण्याआधी नीट निरीक्षण करा. चित्र थांबतं पण आवाज व्यवस्थित चालू राहतो? मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा हार्डवेअर डिकोडिंगवर (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देण्यावर). ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन तात्पुरतं बंद करून बघा. स्क्रीन काळी होऊन परत येते? विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हरला साधारण 2 सेकंद उत्तराची मुदत देते आणि नाही मिळालं तर त्याला रीसेट करते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची 4101 क्रमांकाची नोंद सापडते. चित्र, आवाज आणि माउसचा बाण तिन्ही एकदम गोठतात, तेव्हा डीपीसीचा संशय सर्वांत बळकट. आणि घड्याळ लावून बघा. ठरावीक अंतराने अडकत असेल तर कुणीतरी ठरावीक वेळाने काही विचारतंय: वाय-फाय कार्ड आसपासची नेटवर्कं शोधतंय किंवा लॅपटॉप बॅटरीची स्थिती तपासतोय.

पुढची चाचणी फुकट आहे. तोच व्हिडिओ डिस्कवर उतरवा, डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय कार्ड पूर्ण डिसेबल करा आणि व्हिडिओ चालवा. अडकणं थांबलं तर चोर सापडला. नेटवर्क आणि व्हिडिओचं हे भांडण जुनं आहे. व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेअरच्या धाग्यांना वरची प्रायॉरिटी देणारी सेवा आणली, पण नेटवर्कची पाकिटं डीपीसीत हाताळली जातात आणि तिथे ती प्रायॉरिटी चालत नाही. म्हणून मीडिया चालू असताना नेटवर्कवर मिलिसेकंदाला 10 पाकिटांची मर्यादाच घातली गेली. मायक्रोसॉफ्टचे विंडोज-तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी 2007 मध्ये हे सविस्तर समजावून सांगितलं होतं.

यातून काही कळलं नाही तर कुठला ड्रायव्हर किती वेळ खातो ते मोजणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम उतरवा. तो चालू ठेवून निदान पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ बघा, मग 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये सर्वाधिक वेळ खाणारी फाइल आणि 'सीपीयूज' टॅबमध्ये कुठल्या प्रोसेसरवर भार आहे ते पाहा. इथे बरेच जण फसतात. यादीत वर एनडीआयएस, स्टोरपोर्ट किंवा डब्ल्यूडीएफ दिसलं की लोक विंडोजलाच दोष देऊन फॉरमॅट मारतात. या फाइली मायक्रोसॉफ्टच्या सामायिक चौकटी आहेत. इतर कंपन्यांचे ड्रायव्हर त्यांच्या आधाराने चालतात. एनडीआयएस म्हणजे नेटवर्क कार्ड तपासा, स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क कंट्रोलर. एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर तो एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. एसीपीआय (बॅटरी आणि वीज-व्यवस्थापनाची फाइल) वर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालचं 'कंट्रोल मेथड बॅटरी' थोडा वेळ डिसेबल करून फरक बघा. एखादाच मोठा आकडा दिसला म्हणून घाबरू नका, मशीन झोपेतून उठताना तसं होतं. पुन्हा पुन्हा येणारा आकडा खरा.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची अगदी हीच तक्रार होती. मालकाने रॅम वाढवली होती, एसएसडी टाकली होती, तरी व्याख्यानांचे व्हिडिओ अडकायचे. लेटन्सीमॉनमध्ये एनडीआयएस वर होतं. वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर एक आवृत्ती मागे नेला आणि व्हिडिओ सुरळीत झाले. विद्यार्थ्याच्या घरचे ते पैसे विनाकारण गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला एवढ्या आग्रहाने थांबवतोय.

दोषी सापडल्यावर ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' प्रकारचे प्रोग्रॅम टाळा. नवीन ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक' करा. ग्राफिक्सचा असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना पूर्ण पुसून नवा टाका. डिस्कचा असेल तर कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर' लावून बघता येतो, पण रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) चालू असेल तर त्याला हात लावू नका, मशीन सुरूच होणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच व्हिडिओ.

तुमचा प्रोसेसर रायझन असेल तर आणखी एक शक्यता आहे. काही रायझन मशीनवर फर्मवेअरमधल्या टीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागामुळे) अधूनमधून सगळंच अडखळतं, हे एएमडीने मार्च 2022 मध्ये मान्य केलं होतं. त्याचा उपाय ड्रायव्हरमध्ये नाही, बायोस अपडेटमध्ये आहे. अपडेटआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो थांबवून ठेवा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

लेटन्सीमॉनमधल्या वरच्या तीन फाइलींची नावं, लॅपटॉपचं मॉडेल आणि वाय-फाय ड्रायव्हरची तारीख खाली लिहा. मी बघून सांगतो.