मनगटी घड्याळ दंडाला पट्टा न बांधता रक्तदाब दाखवते. त्यावरून गोळीचा डोस कमी-जास्त करावा का?

नाही, घड्याळातल्या आकड्यावरून डोस बदलू नये. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून घेतलेले मापच धरावे आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. कारण असे की, ही घड्याळे रक्तदाब थेट मोजतच नाहीत: मागच्या बाजूचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, प्रत्येक ठोक्यासरशी तिथल्या रक्ताचे प्रमाण बदलले की परतणारा प्रकाशही लहरीसारखा बदलतो, आणि त्या लहरीच्या आकारावरून गणिताने दाबाचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज खऱ्या मापाशी वरचेवर जुळवावा लागतो. म्हणूनच सॅमसंगच्या घड्याळांत दर 28 दिवसांनी पट्ट्याच्या यंत्रावर तीनदा माप घेऊन ते आकडे भरावे लागतात, म्हणजे पट्ट्यापासून सुटका नाहीच. शिवाय घड्याळ सैल बसले, हात हलला किंवा थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या, तरी लहर बिघडते. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शननेही 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत उच्च रक्तदाबाच्या निदानासाठी वा उपचारासाठी अशी साधने वापरू नयेत, असे म्हटले आहे. मात्र घड्याळाने दिलेली सूचना अगदीच झटकून टाकू नये. ॲपलची 2025 मध्ये आलेली सोय आकडा सांगतच नाही. 30 दिवसांच्या नोंदी पाहून उच्च रक्तदाबाची शक्यता तेवढी कळवते, आणि मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. अशी सूचना आल्यास पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने माप घ्यावे आणि त्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात.